सेल गेले असतील

परवाच्या रविवारी सकाळी आईचा साताऱ्याहून फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं, मामाच्या गुडघ्यांची चौकशी झाली, आणि फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "अगं, तो टीव्ही बिघडलाय बहुतेक. माझ्याच हातून काहीतरी भलतंच दाबलं गेलं असणार. राहू दे, मला काही अडत नाही."

कधीपासून, असं विचारलं तर म्हणे बुधवारपासून. म्हणजे चार दिवस आई संध्याकाळी बंद टीव्हीसमोर बसून सकाळचाच पेपर पुन्हा वाचत होती आणि मला एका शब्दाने बोलली नव्हती. ज्यांची आई एकटी राहते त्यांना "मला काही अडत नाही" या वाक्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

दोन दिवाळ्यांपूर्वी मी तिच्या टीव्हीच्या मागे ती बोटभर लांबीची स्टिक लावून दिली होती. तीच ती, इंटरनेटवरून मालिका, सिनेमे, जुनी नाटकं दाखवणारी. (कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दोष तिचा नव्हता हे पुढे येईलच.) तेव्हापासून आईकडे दोन रिमोट झाले, एक टीव्हीचा लांबडा आणि एक स्टिकचा लहान. आता लांबड्याने टीव्ही सुरू व्हायचा, पडद्यावर चित्रांची रांग यायची, पण लहान रिमोट कितीही दाबला तरी काहीच जागचं हलत नव्हतं.

"सेल गेले असतील," मी म्हणाले. रिमोट चालत नाही म्हटल्यावर आपल्या तोंडून निघणारं हे पहिलं वाक्य.

"ते बघितलं गं मी. टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढून ह्यात घातले आणि ह्यातले त्यात. त्यात दोन्ही चालतात, ह्यात एकही नाही."

बाबांबरोबर चाळीस वर्षं संसार केलेली बाई आहे, उगाच नाही! मग मी माझी विद्वत्ता बाहेर काढली. मोबाईलचा पुढचा कॅमेरा सुरू कर, त्याच्यासमोर रिमोटचं तोंड धर, बटण दाब आणि पडद्यावर जांभळा ठिपका दिसतो का बघ. लांबड्या रिमोटचा ठिपका दिसला. लहानाचं मधलं गोल बटण दाबलं, तर काहीच नाही. "म्हणजे मेलाच की हा," आई म्हणाली. मीही "हो" म्हणाले. आम्ही दोघीही चुकत होतो, आणि मी जास्त.

दुपारची एसटी पकडली. नुसत्या रिमोटसाठी नाही, जायचं होतंच. पुणे-सातारा तसा रस्ता किती, पण रविवारी दुपारी कात्रजच्या पुढे गाडी निघायलाच वेळ लागला. बसल्या बसल्या मोबाईलवर वाचायला लागले की हे रिमोट प्रकरण मुळात आलं कुठून. आणि खंबाटकीचा घाट यायच्या आत शिकागोला पोचले.

शिकागोमध्ये झेनिथ नावाची रेडिओ आणि टीव्ही बनवणारी मोठी कंपनी होती. तिचे प्रमुख युजीन मॅकडोनाल्ड यांना टीव्हीवरच्या जाहिरातींचा मनस्वी तिटकारा होता. लोक जाहिरातींना कंटाळतील आणि पैसे मोजून सिनेमे बघतील असं त्यांचं मत. १९५१ मध्ये त्यांनी शिकागोतल्या ३०० कुटुंबांवर तसा प्रयोगही केला. टेलिफोनच्या तारेची मदत घेऊन घरबसल्या सिनेमा, एका सिनेमाला एक डॉलर. हे वाचून मला हसूच आलं. आईच्या टीव्हीमागची स्टिक दुसरं काय करते? फक्त आता पैसे मोजूनही जाहिराती पाठ सोडत नाहीत, हे मॅकडोनाल्डसाहेबांना बघावं लागलं नाही एवढंच.

तर जाहिरात लागली की खुर्चीतूनच तिचं तोंड बंद करता आलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. १९५० साली झेनिथने पहिला रिमोट आणला. त्याला टीव्हीपर्यंत जाणारी जाड वायर होती आणि नाव होतं 'लेझी बोन्स', म्हणजे आपल्या भाषेत आळशी गोळा. दिवाणखान्यातून आडवी गेलेली ती वायर लोकांच्या पायात यायची. मग १९५५ मध्ये त्यांचे एक इंजिनियर युजीन पॉली यांनी बिनवायरचा 'फ्लॅश-मॅटिक' काढला. पिस्तुलासारखा आकार, आत बॅटरीचा झोत. टीव्हीच्या पडद्याच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे चार डोळे, एका कोपऱ्यावर झोत टाकला की टीव्ही बंद-चालू, दुसऱ्यावर टाकला की आवाज बंद, उरलेल्या दोनांवर चॅनल पुढे-मागे. कोणता कोपरा कशासाठी हे लोक विसरायचे ते एक. आणि खिडकीतून ऊन आलं की टीव्ही आपोआप चॅनल बदलायचा ते दुसरं.

म्हणून काम आलं रॉबर्ट ॲडलर या शास्त्रज्ञाकडे. ॲडलर मूळचे व्हिएन्नाचे, १९१३ चा जन्म, तिथल्याच विद्यापीठातून भौतिकशास्त्रात डॉक्टरेट. ज्यू घराणं. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर देश सोडला आणि बेल्जियम, इंग्लंड करत करत अमेरिकेत येऊन १९४१ साली झेनिथमध्ये लागले. रेडिओलहरी वापराव्यात तर त्या भिंतीतून पलीकडे जातात आणि शेजाऱ्याचा टीव्ही बदलतो. प्रकाशाचा अनुभव घेऊन झालेला. उरला आवाज. तो माणसाला ऐकू येऊ नये म्हणून श्राव्य पट्टीच्या वरचा.

पण इथे कंपनीच्या विक्री खात्याने एक अट घातली. रिमोटमध्ये सेल नकोत. कारण काय? तर सेल संपले की गिऱ्हाईक सेल बघणार नाही. ते म्हणेल टीव्हीच बिघडला.

हे वाक्य मी दोनदा वाचलं. "तो टीव्ही बिघडलाय बहुतेक." जवळपास सत्तर वर्षांपूर्वी शिकागोतल्या विक्रेत्यांना माझी आई पक्की ठाऊक होती. ती अडाणी वगैरे नव्हे, चांगली तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय तिने. पण हातातली वस्तू दाबल्यावर समोरची वस्तू हलत नाही, आणि दोघींच्या मध्ये काय घडतंय ते डोळ्यांना दिसत नाही. अशा वेळी माणूस एकतर मोठ्या वस्तूला दोष देतो नाहीतर स्वतःला. आईने दोन्ही केलं.

ॲडलरनी ती अट पाळली. रिमोटमध्ये ॲल्युमिनियमच्या चार कांड्या बसवल्या, साधारण अडीच इंच लांबीच्या, पण प्रत्येकीची लांबी किंचित वेगळी. बटण दाबलं की एक छोटी हातोडी खट्कन कांडीच्या टोकावर आपटायची आणि कांडी सेकंदाला जवळजवळ चाळीस हजार कंपनं करत वाजायची. माणसाचा कान वीस हजारांच्या वर ऐकत नाही, टीव्हीचा ऐकायचा. सेल नाही, वायर नाही, झोत नाही. ऐकू यायची ती फक्त हातोडीची टकटक. १९५६ मध्ये हा 'स्पेस कमांड' बाजारात आला. टीव्हीत सहा जादा व्हॉल्व्ह घालावे लागले आणि त्याने टीव्हीची किंमत तीसएक टक्क्यांनी चढली, तरी लोकांनी घेतला. आवाजावर चालणारी ही पद्धत पुढे पंचवीस वर्षं टिकली. दोष नव्हता असं नाही. कुणी किल्ल्यांचा जुडगा वाजवला किंवा नाणी खुळखुळवली तरी टीव्हीला आपल्यालाच हाक मारल्यासारखं वाटायचं.

मला या यंत्राबद्दल फार आदर वाटला. ते टकटक वाजायचं, म्हणजे माझं काम मी केलं, आता पुढचं तू बघ, असं सांगून मोकळं व्हायचं. आताचा रिमोट जिवंत आहे की मेला हे त्याच्याकडे बघून कळत नाही.

असो. आमच्या घरात रिमोट आला तो १९९३ मध्ये, रंगीत टीव्हीबरोबर. त्याआधीच्या ब्लॅक अँड व्हाइटला खटके मारत फिरणारी चकती होती आणि दूरदर्शनपुरती ती पुरायची. केबल आली, चॅनलं वाढली आणि उठून चकती फिरवणं हा उद्योग होऊन बसला. (तो उद्योग घरातल्या सगळ्यात लहान मुलाकडे असायचा. म्हणजे माझ्याकडे. दादा हे वाचत असेल तर त्याने कबूल करावं.) बाबांनी रिमोट आल्याच्या दिवशी त्याला प्लॅस्टिकचं कव्हर घातलं आणि वर रबर लावलं. चालेनासा झाला की तळहातावर दोन फटके, तरी नाही चालला तर सेल काढून जागच्या जागी गोल फिरवायचे, तरी नाही तर सेलांची आपसात अदलाबदल. मी तेव्हा त्यांना हसायचे. पण यात तथ्य आहे. सेलच्या टोकावर आणि स्प्रिंगवर गंजाचा पातळ थर बसतो, सेल फिरवला की तो खरवडला जातो आणि वीज पुन्हा वाहते.

तो रिमोट अवरक्त किरणांचा होता. तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा हा उजेड विल्यम हर्शेलनी १८०० साली इंग्लंडमध्ये शोधला. लोलकातून पडलेल्या रंगांच्या पट्ट्यात ते थर्मामीटर ठेवत गेले आणि तांबडा संपल्यावर, जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे पारा सगळ्यात जास्त चढला. १९८० च्या सुमारास रिमोटवाले आवाज सोडून या उजेडाकडे वळले. पॉलींच्या रिमोटला ऊन नडलं होतं, ते यांना का नडलं नाही? कारण हा दिवा नुसता लागत नाही, तो ठेक्यात लुकलुकतो, बहुतेक रिमोटमध्ये सेकंदाला ३८ हजार वेळा. उन्हाला असा ठेका नाही. टीव्हीतला डोळा तो ठेका सोडून बाकी सगळ्या उजेडाकडे दुर्लक्ष करतो. हा ३८ चा आकडा आला कुठून, तर रेडिओच्या धंद्यात सेकंदाला ४ लाख ५५ हजार कंपनं करणारा चिनी मातीसारख्या पदार्थाचा एक तुकडा स्वस्तात मिळायचा. त्याला बाराने भागा. आई असती शेजारी तर तिने तोंडी केला असता. रिमोट फरशीवर पडून कायमचा गेला तर पुष्कळदा हाच तुकडा तडकलेला असतो. आणि थोडीच बटणं चालेनाशी झाली तर आतल्या रबराला आणि काळ्या ठिपक्यांना हातांचा तेलकटपणा लागलेला असतो, तो स्पिरिटच्या बोळ्याने पुसला की निम्मे रिमोट उठून बसतात.

बाबांच्या रिमोटला आपण कुणाशी बोलतोय हे मात्र माहीत नव्हतं. समोरच्या काकूंकडे त्याच कंपनीचा टीव्ही होता. उन्हाळ्यात दोन्हीकडची दारं उघडी असली की आमच्या बातम्या लावताना त्यांची मालिका जायची. काकू तिथूनच ओरडायच्या.

लहान रिमोटचं वेगळं. ही गोष्ट मला सकाळी फोनवर लक्षातच आली नव्हती. स्टिक टीव्हीच्या पाठीमागे लपलेली, तिला उजेड दिसणार कुठून? म्हणून तिचा रिमोट बोलतो रेडिओलहरींवर, म्हणजे ब्लूटूथवर. त्याचा जांभळा ठिपका दिसायचा प्रश्नच नव्हता. मी एका आंधळ्या परीक्षेत त्याला नापास करून मोकळी झाले होते.

रेडिओवर दुरून वस्तू चालवायची कल्पना जुनीच. निकोला टेस्लांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात पाण्याच्या हौदात एक छोटी बोट तारेशिवाय फिरवून दाखवली होती. अडचण ॲडलरना आली तीच, लहरी कुणीही ऐकू शकतो आणि कुणीही मध्ये तोंड घालू शकतो. या अडचणीवरची एक युक्ती दुसऱ्या महायुद्धात निघाली, तीही रिमोट कंट्रोलसाठीच. पाणसुरुंगासारखा तो टॉर्पेडो रेडिओवर चालवायचा तर शत्रू त्याच कंप्रतेवर गोंगाट करून त्याला बहिरा करणार. मग बोलणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने आधी ठरलेल्या क्रमाने सतत कंप्रता बदलत राहायचं, दोघांनी एकदम उड्या मारायच्या. हे पेटंट ऑगस्ट १९४२ मध्ये दोघांना मिळालं. एक संगीतकार जॉर्ज अँथील आणि दुसरी चक्क हॉलिवूडची नटी, हेडी लामार. पियानोच्या पट्ट्यांइतक्या, म्हणजे ८८ कंप्रता. नौदलाने तेव्हा ते वापरलं नाही.

आणि हेडी लामार कुठली? व्हिएन्नाची. १९१४ चा जन्म, ॲडलरपेक्षा एका वर्षाने लहान, तीही ज्यू आईवडिलांची. पहिला नवरा शस्त्रांचा कारखानदार, १९३७ मध्ये त्याला सोडून ती पळाली. एकाच शहरातली, जवळजवळ एकाच वयाची ही दोन माणसं, दोघंही देश सोडून अमेरिकेत. एकाने ऐकू न येणारा आवाज वापरला, दुसरीने लहरींना उड्या मारायला लावल्या. दोघांच्याही कामाची दखल १९९७ मध्ये घेतली गेली, ॲडलर आणि पॉलींना एमी पुरस्कार, आणि लामारबाईंना इंटरनेट क्षेत्रातल्या एका संस्थेचा. ती २००० साली गेली, ॲडलर २००७ मध्ये. ब्लूटूथ थेट तिच्या पेटंटवरून बनवलं असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल, पण युक्ती त्याच जातीची. मूळच्या ब्लूटूथमध्ये ७९ वाटा आणि सेकंदाला १६०० उड्या. कमी वीज खाणाऱ्या नव्या प्रकारात वाटा कमी आहेत, उड्या आहेतच.

पण एकत्र उड्या मारायच्या तर आधी ओळख हवी. म्हणून हा रिमोट आणि स्टिक यांची एकदा जोडी जुळवून द्यावी लागते. मग तो फक्त तिच्याशीच बोलतो, शेजारच्या काकूंना त्रास नाही. आणि जोडी तुटली की समोरासमोर असून दोघं अनोळखी.

साताऱ्यात पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. टीव्हीवर आईने धुतलेला टॉवेल पांघरून ठेवला होता. ते बघून कसंसंच झालं. टॉवेल काढला, टीव्ही लावला, लहान रिमोट हातात घेतला आणि सवयीने आवाजाचं बटण दाबलं. पडद्यावर आवाजाची पट्टी आली! आई म्हणाली, "हो, आवाज होतो त्याने. पण बाकी काही नाही, म्हणून मी काही बोलले नाही."

म्हणजे रिमोट मेला नव्हताच. या रिमोटांमध्ये आवाज आणि बंद-चालू ही बटणं टीव्हीसाठी असतात आणि ती बाबांच्या वेळच्याच अवरक्त उजेडावर चालतात. बाकीची स्टिकसाठी, रेडिओवर. अर्धा रिमोट चालतो म्हणजे सेल ठीक आहेत आणि मोडली आहे ती जोडी. सकाळी मी गोल बटणाऐवजी आवाजाचं बटण दाबायला सांगितलं असतं तर आईला जांभळा ठिपका दिसला असता.

जोडी का मोडली ते टीव्हीच्या मागे हात घातल्यावर कळलं. स्टिकला वीज द्यायला तिच्याबरोबर ॲडाप्टर येतो, तो मी लावलाच नव्हता. दिवाळीत मला पुण्याला परतायची घाई, बोर्डावर एकच पॉइंट मोकळा आणि त्यावर आईचं डासांचं मशीन. मी तिची वायर टीव्हीच्याच यूएसबीच्या भोकात खुपसून दिली होती. तिथे अर्धा अँपिअर, ॲडाप्टरवर एक लिहिलेलं. शिवाय टीव्ही बंद केला की स्टिकची वीज जाणार आणि ती रोज नव्याने उठणार. बुधवारी वाऱ्याने साताऱ्यात लाइट चार-पाच वेळा गेली-आली म्हणे. त्यातच कधीतरी ती अर्धवट उठली असणार.

ॲडाप्टर खोक्यात तसाच होता. आईने सगळी खोकी ठेवलेली असतात. दुसऱ्या बोर्डावरून एक्स्टेन्शन ओढलं, स्टिकची वायर काढली, रिमोटचे सेल काढले, आणि आम्ही दोघींनी मध्ये चहा करून घेतला. मग वायर लावली, स्टिक पूर्ण सुरू होऊ दिली, सेल घातले, आणि रिमोट आईच्या हातात दिला. "घराचं चित्र आहे ना, ते बटण दाबून धर. दहा म्हणेपर्यंत सोडू नकोस."

आई शाळेत म्हणायची तसं मोठ्याने एक, दोन, तीन म्हणू लागली. आठाला रिमोटचा दिवा लुकलुकला, पण ती दहा पूर्ण करूनच थांबली. पडद्यावर जोडणी झाल्याचं आलं आणि चौकोन हलला.

"आई, चूक माझी होती," मी म्हटलं, आणि वायरीचं सांगितलं.

"म्हणजे मी नव्हतं ना बिघडवलं?"

"नाही."

"मी उगाच काहीतरी दाबलं असं नाही ना झालं?"

"नाही गं."

तिने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून ठेवलं. स्टिकची वायर काढणे. सेल काढणे. चहा. घर, दहा अंक. 'चहा' खरोखर लिहिलंय.

जेवण झाल्यावर सेल ठेवायला शोकेसचा खण उघडला तर आत बाबांचा तो १९९३ चा रिमोट, कव्हर आणि रबरासकट. टीव्ही भंगारात जाऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. मी त्यात दोन सेल घातले, मोबाईलसमोर धरून दाबला, आणि जांभळा ठिपका लुकलुकला. आईला दाखवला. तिने चष्मा वर करून बराच वेळ बघितलं, स्वतः दोन बटणं दाबून पाहिली.

मग म्हणाली, "सेल काढून ठेव त्यातले. नुसते राहिले की गळतात."